ऐकू येतंय का?

वाचकांची पत्रं, काकूंची उत्तरं

या खेपेला टपालाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मिळून जी पत्रं आली, त्यांतली निम्मी मोबाइलवर भरणाऱ्या वर्गांबद्दल आहेत. करोना गेला, मास्क गेले, पण हे वर्ग काही गेले नाहीत. कुठे विषयाला माणूस नाही म्हणून बाहेरगावचे सर पडद्यावरून शिकवतात, कुठे शनिवारचे तास घरून, कुणी अख्खी पदवीच ऑनलाइन करतंय. मी इंदुरात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यातलं शेवटचं दीड वर्ष रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर लॅपटॉपसमोर बसून. तेव्हा सल्ला द्यायचा थोडा अधिकार आणि चुकांचा भरपूर साठा माझ्याकडे आहे. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : काकू, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या एका पेपरला कॉलेजात शिक्षक नाहीत, म्हणून मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहा बाहेरचे सर व्हिडिओवर तास घेतात. वर्गात आम्ही ७४ जण. सर शिकवतात चांगलं, पण मधूनच ‘एनी डाउट?’ म्हणतात आणि मी माइक चालू करेपर्यंत पुढे गेलेले असतात. एकदा मी हिंमत केली तर सर आणि मी एकदम बोललो, दोघं थांबलो, पुन्हा दोघं एकदम बोललो. कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला. तेव्हापासून मी गप्पच असते. आता सरांनी कॅमेरा चालू ठेवायची सक्ती केली आहे. आमचं घर छत्रीबागेत, दोन खोल्यांचं. मागे दोरीवर कपडे, आजीचा टीव्ही आणि नेमका पाचलाच कुकर. कॉलेजच्या वर्गात मी प्रश्न विचारणारी मुलगी होते. आता वाटतं, मला काही येतच नाही. काय करू?
— एक विद्यार्थिनी, छत्रीबाग

उत्तर : आधी माझी फजिती ऐक.

जुलै २०२०. सकाळी अकराचा तास, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, विषय सहसंबंध. मुलाने नवा हेडफोन आणून दिला होता. त्याच्या वायरीवर तांदळाएवढं एक बटण होतं, ते पदर सावरताना दाबलं गेलं. लॅपटॉपच्या मते माइक चालू होता, माझ्याही मते चालू होता, आणि मी एकोणीस मिनिटं जीव तोडून शिकवलं. पडद्यावर माझ्या टिपणांची पानं पसरलेली, त्यामुळे चॅट दिसत नव्हतं. एकसष्ट मुलं हजर, आणि कुणाचं हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, काय शांतपणे ऐकतायत आज! शेवटी घरचा लँडलाइन वाजला. एक मुलगा अगदी अदबीने विचारत होता, ‘मॅम, आप कब शुरू करेंगी?’

नंतर चॅट वाचलं. बाराव्या मिनिटाला एका मुलीने लिहिलं होतं, ‘मेरा ऑडियो नहीं आ रहा.’ त्याखाली एका भियाचं (इंदुरात भाईला भिया म्हणतात) उत्तर, ‘अपना नेट चेक करो.’ बस, एवढंच. पुढच्या तासाला मी त्या भियाला विचारलं, तुला तरी येत होता का रे आवाज? म्हणाला, ‘नहीं मॅम, मैं भी चेक ही कर रहा था.’

एकसष्ट पोरं एकसष्ट घरांत बसून आपापला नेट तपासत होती. कॉलेजच्या खोलीत हा प्रकार एकोणीस सेकंदही टिकला नसता. पहिल्या बाकावरचीने मागे वळून पाहिलं असतं, मागचीने भुवया उडवल्या असत्या, कोपऱ्यातला कुणी फिस्सकन हसला असता, आणि काहीतरी बिनसलंय हे मला कळलं असतं. तुझ्या वर्गात ‘एनी डाउट?’नंतर पसरते ती शांतता याच जातीची आहे. प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना समजलंय, आपलाच नेट खराब. तू मला लिहिलंस तसं आणखी तिसेक जणांनी आपापल्या घरी सांगितलं असेल. (हा आकडा माझ्या विषयाच्या कुठल्याही कसोटीला उतरणार नाही. तरी पैज लावते.)

आता ते एकदम बोलणं. तिथे तू कुठेच चुकली नाहीस. समोरासमोर गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. भाषेच्या अभ्यासकांनी जगातल्या दहा भाषांत हे मोजून २००९ मध्ये छापलं. थोडं इकडेतिकडे असलं तरी सगळीकडे हिशेब त्याच्याच आसपास. एवढ्याशा फटीत कुणी उत्तर जुळवत बसत नाही. समोरच्याचं वाक्य कुठे उतरणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, तबलजी समेची वाट धरून बसतो तसं. व्हिडिओवर सरांचा शब्द तुझ्यापर्यंत पोचण्यातच ही सगळी फट संपते, कधी त्याहून जास्त वेळ जातो, आणि तुझा शब्द परत जायला पुन्हा तेवढाच. सर ‘एनी डाउट?’ म्हणून मनात एक-दोन मोजत असतील, तर त्यातला एक वाटेतच खर्च होतो. उरलेल्यात तू अंगठ्याने पडदा जागा करणार, माइकचं चित्र शोधणार, घसा खाकरणार. कसं जमावं?

आणि यात माणसाचं नाव फुकट खराब होतं. जर्मनीतल्या संशोधकांनी फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घालून पाहिला, त्यांचा लेख २०१४ चा आहे. उशीर फार तर एक-सव्वा सेकंदाचा. तेवढ्यावरही लोकांना पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा वाटायला लागला. लाइन खराब आहे असं नाही वाटलं, माणूसच तसा आहे असं वाटलं. तुझे सर तुमच्याबद्दल काय समजून बसले असतील, याची कल्पना कर. मीसुद्धा तेव्हा स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं होतं, ‘या बॅचला कशातच रस नाही.’ आता लाज वाटते.

करायचं काय, तर ‘एनी डाउट?’ची वाट बघायची नाही. शंका मनात आली की लगेच माइक उघडून फक्त ‘सर, एक मिनिट’ म्हणायचं आणि थांबायचं. पूर्ण प्रश्न एका दमात बोलायला जाऊ नकोस, तिथेच दोन आवाज आपटतात. सर थांबून ‘हां, बोलो’ म्हणाले की मग प्रश्न. आणि चॅटमध्ये लिहायचं तर ‘समझ नहीं आया’ असं लिहू नये, त्याचं शिक्षकाला काहीच करता येत नाही. ‘तिसऱ्या ओळीतला दोन कुठून आला?’ असं लिही. असा प्रश्न दिसला की आम्हा लोकांना राहवत नाही, उत्तर द्यावंच लागतं. कानात बिनवायरचं यंत्र असेल तर ते काढून शंभर-दीडशे रुपयांचं वायरवालं घाल. बिनवायरच्यात आवाज आणखी थोडा उशिरा येतो. वायरीवर बटण असेल तर कुठे आहे ते मात्र बघून ठेव.

पण खरी अडचण माइकची आहे असं मला वाटत नाही. तुला शेजारीण नाही, ही आहे.

१९८४ साली मी एम.एस्सी.ला होते. त्या वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. कॉलेजच्या मुलांसाठी टीव्हीवरून शिकवायचं, अशी योजना. पुढे त्यातले काही कार्यक्रम आपल्या इंदूरच्या विद्यापीठातल्या केंद्रातही तयार व्हायचे, खंडवा रोडला आता ईएमआरसी म्हणतात ना, ते. तेव्हा टीव्ही आमच्या घरी नव्हता. नंदलालपुऱ्यात एका मैत्रिणीकडे होता, कृष्णधवल, लाकडी शटरचा. आम्ही पाच-सहा जणी जमिनीवर चटई टाकून बसायचो. पडद्यावरचे गृहस्थ खाड्खाड इंग्रजीत बोलायचे, अर्धं डोक्यावरून जायचं, आणि त्यांना थांबवायची सोयच नव्हती. प्रश्न विचारायचा तो एकमेकींना. ‘काय म्हणाला गं?’ ‘थांब, पुढचं ऐकू दे.’ मग कार्यक्रम संपल्यावर मैत्रिणीची आई पोहे द्यायची, वर शेव, जिरावन मसाला, आणि आमच्यातली एक जण कोळशाने फरशीवर तीच आकृती पुन्हा काढून दाखवायची. कोळशाबद्दल बोलणी खायची ती वेगळीच. त्या वर्गाला माइक नव्हता, चॅट नव्हतं, एका बाजूनेच सगळं यायचं. तरी मला त्यातला एक धडा अजून आठवतो. २०२१ मध्ये मी स्वतः घेतलेल्या तासांतला एकही धड आठवत नाही.

म्हणून असं कर. ७४ जणांत छत्रीबाग, मल्हारगंज, बडा गणपती या पट्ट्यात राहणारं कुणीतरी असेलच. एकच पुरे. मंगळवारी ती तुझ्याकडे, गुरुवारी तू तिच्याकडे. एका मोबाइलवर वर्ग लावायचा, तो पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, आणि दोघींनी शेजारी बसून ऐकायचं. डेटाही निम्मा लागेल. सगळ्यांचे कॅमेरे चालू असले आणि चित्र स्वच्छ येत असलं, तर तासाला एक जीबीच्या आसपास उडतो. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये मग रात्री काय उरणार? नुसता आवाज ऐकलास तर शंभर एमबीच्या आत काम होतं. कुणीच जवळ राहत नसेल तर निदान एकीशी वेगळं चॅट उघडून ठेव, दोघींचंच. वर्गाचा ग्रुप त्या कामाचा नाही, तिथे नुसते ‘गुड मॉर्निंग’ची फुलं आणि ‘किसी ने नोट्स बनाए क्या’. दोघींच्या चॅटमध्ये ‘तुला कळलं का?’ एवढं लिहायला लाज वाटत नाही, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं की माइक उघडायला बळ येतं. ‘सर, आम्हा दोघींना समजलं नाही’ म्हणणं ‘मला समजलं नाही’पेक्षा किती सोपं असतं, बघच म्हणून.

राहिला कॅमेरा. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघांनी आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं होतं, कॅमेरा का लावत नाही? त्यांचा लेख २०२१ मध्ये आला. सगळ्यात जास्त मुलांनी सांगितलेलं कारण म्हणजे आपण कसे दिसतोय याची काळजी. मग मागची माणसं दिसतात, घर दिसतं, नेट कमजोर आहे. म्हणजे छत्रीबागेतली दोरी आणि तिकडची दोरी, दोन्हींचं दुखणं एकच. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी व्हिडिओवर बसून माणूस इतका का थकतो, याची कारणं मांडली. त्यातलं एक मला फार पटलं. आपण तासभर स्वतःचंच तोंड बघत बसतो. दिवसभर कुणी आरसा हातात धरून पाठोपाठ फिरला तर वैतागशील ना? स्वतःचं चित्र स्वतःपुरतं लपवायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. तुझं चित्र सरांना दिसत राहतं, तुला दिसत नाही. आधी ते कर.

मग सरांना वर्गात नको, वेगळा निरोप पाठव. असा : ‘सर, घर लहान आहे, मागे घरातली माणसं असतात. सुरुवातीची पाच मिनिटं आणि प्रश्न विचारताना मी कॅमेरा चालू ठेवीन. बाकी वेळ बंद ठेवला तर चालेल का?’ शंभरातले नव्वद शिक्षक हो म्हणतील. उरलेल्या दहांसाठी दोरीवर एक सोलापुरी चादर आडवी टाक आणि तिच्याकडे पाठ करून बस. मागचं धूसर करायचं बटण असतं, पण जुन्या मोबाइलवर ते लावलं की मोबाइल तव्यासारखा तापतो आणि आवाज तुटायला लागतो. त्यापेक्षा चादर बरी.

पाच ते सहा कुकर लावू नका, हे तुझ्या आईला सांगायची माझी हिंमत नाही. ते तुझं तू बघ.

प्रश्न : माझा मुलगा बी.कॉम.ला आहे. शनिवारचे तास ऑनलाइन असतात. हा गादीवर लोळत वर्ग लावतो, कॅमेरा बंद, मोबाइल उशीखाली. परवा मी बघितलं तर वर्ग चालू आणि हा आंघोळीला गेलेला! हजेरी पूर्ण लागते. बोललं तर म्हणतो, ‘आई, सगळे असंच करून राहिले आहेत.’ याला शिस्त कशी लावू?
— एक आई, सुदामानगर

उत्तर : ताई, मुलाला रागावण्याआधी माझं ऐकून घ्या, कारण मीही त्याच्याच पंगतीतली आहे.

निवृत्तीनंतर मी मोडी लिपीच्या वर्गाला नाव घातलं. पुण्याचे एक सर रविवारी सकाळी व्हिडिओवर शिकवायचे. होळकरशाहीतली कागदपत्रं मोडीत, आमच्या घरातही पणजोबांच्या काळची दोन भेंडोळी पडलेली, ती मरायच्या आधी वाचता यावीत एवढीच इच्छा. पहिला रविवार नऊवारी नेसून बसले. दुसऱ्या रविवारी गाऊनवर ओढणी. तिसऱ्या रविवारी कॅमेरा बंद करून परातभर मटार सोलले. चौथ्या रविवारी सरांनी नाव घेऊन हाक मारली, तेव्हा मी गॅसपाशी होते, आणि फोडणी तडतडत असताना माइक उघडून ‘नेट जात होता, सर’ असं धडधडीत खोटं बोलले. एकतीस वर्षं मी हे वाक्य मुलांकडून वेगवेगळ्या रूपात ऐकलेलं. इतक्या सहज ओठांवर येतं हे मला माहीत नव्हतं.

सर हुशार होते. पाचव्या रविवारपासून त्यांनी पद्धत बदलली. दर दहा मिनिटांनी एक शब्द सांगायचे. सगळ्यांनी कागदावर आधी आडवी रेघ मारायची, मोडीत ती अगोदरच ओढतात, मग तिच्याखाली हात न उचलता शब्द लिहायचा आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा. पहिल्यांदा मी धरला तर मला माझी अक्षरं उलटी दिसली, आरशात दिसतात तशी. घाबरून मी तोच शब्द उलटा लिहून पुन्हा धरला. सर म्हणाले, ‘आता मात्र तुमचं अक्षर मला लागत नाही.’ नंतर कळलं, आपल्यालाच आपलं चित्र उलटं दिसतं, बाकीच्यांना सरळ. पण त्या दिवसानंतर मटार बंद झाले. हातात टाक आणि दहा मिनिटांनी कागद दाखवायचाय म्हटल्यावर कुठलं लोळणं!

तुमच्या मुलाच्या सरांच्या हातून हे होईल की नाही ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच आहे की शनिवारी वर्गाच्या वेळी गादी उचलून ठेवायची. रागावून नाही, ‘उन्हात घालायचीय’ म्हणून. आणि वर्ग संपल्यावर ‘हजेरी लागली का?’ असं विचारू नका. ‘आज काय होतं?’ असं विचारा, आणि तो सांगेल ते भाजी निवडता निवडता ऐका. पहिले दोन शनिवार काही सांगणार नाही. सगळे असंच करतात, हे त्याचं म्हणणं मात्र बरंचसं खरं आहे.

प्रश्न : आमच्या मॅडमच्या बिनपैशाच्या खात्यामुळे वर्ग चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडतो. पुन्हा सगळे आत येईपर्यंत दहा मिनिटं जातात, अर्धे येतच नाहीत. शिवाय रेकॉर्डिंग मिळतंच, तेही दीडपट वेगाने ऐकता येतं. मग वेळेवर बसायचं तरी कशाला?
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : झूमच्या फुकट खात्यात चाळीस मिनिटांची मर्यादा असते, मॅडमचा त्यात दोष नाही. कॉलेजने पैसे भरायला हवेत आणि ते भरत नसेल, तर वर्गप्रतिनिधीने लेखी अर्ज द्यावा, तोंडी सांगून काही होत नाही. तोवर मॅडमना सुचवा की पस्तीस मिनिटांवर आपणहून थांबावं, पाच मिनिटं शंका, आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी. गूगल मीटच्या फुकट खात्यात तिघांपेक्षा जास्त असले तर साठ मिनिटं मिळतात, तेही विचारून बघा.

रेकॉर्डिंगचं म्हणाल, तर ते नंतर ऐकायचं म्हणून ठेवलेल्यांपैकी किती जणांनी परीक्षेच्या आदल्या रात्रीआधी उघडलं, हे मित्रांना खरं खरं विचारा. दीडपट वेगाने ऐकायला माझी हरकत नाही. अवघड भाग पुन्हा ऐकायला त्याच्यासारखी सोय नाही, आमच्या वेळी असती तर मी सोडली नसती. फक्त मधेच ‘हे कुठून आलं?’ असं वाटलं तर रेकॉर्डिंगला ‘सर, एक मिनिट’ म्हणता येत नाही.

प्रश्न : ऑनलाइन एम.कॉम. करावं म्हणते. लग्नानंतर शिक्षण राहिलं. सासरे म्हणतात, मोबाइलवरची पदवी कुठे चालत नाही. खरं आहे का?
— एक गृहिणी, लोकमान्यनगर

उत्तर : मान्यताप्राप्त असेल तर चालते. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीरच केलं की त्यांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थांची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. ही सूचना छापून सासऱ्यांना दाखवा, वादविवाद नको. पैसे भरायच्या आधी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव, चालू सत्रासाठी आहे का, ते स्वतः बघा. फोनवर गोड बोलणाऱ्या एजंटाच्या भरवशावर राहू नका. प्रवेशाला आता डीईबी आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळख क्रमांक लागतो, तो स्वतःच काढा, दुसऱ्याला ओटीपी देऊ नका. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी असलं काही कुणी पूर्ण ऑनलाइन देतो म्हणाला तर फोन ठेवून द्या, त्यांना परवानगीच नाही. एम.कॉम. खुशाल करा.

प्रश्न : माझं वय ८१. नात अर्थशास्त्रात एम.ए. करते. तिचा वर्ग आमच्या दिवाणखान्यात असतो आणि माझा झोपाळा तिच्या मागेच. मी उठून जाऊ म्हटलं तर गुडघे. पहिल्या दिवशी तिच्या सरांनी मला पडद्यावर पाहून नमस्कार केला. आता रोज करतात. ऐकून ऐकून मला विषय आवडायला लागलाय. एक शंका आहे. सर म्हणाले, महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवते, म्हणजे लोक खर्च कमी करतात. पण दर वाढले की माझ्या एफडीचं व्याज वाढतं आणि मी नातीला जास्त पैसे देते. मग खर्च कमी कसा झाला? मी हे सरांना विचारलं तर नातीला कमीपणा वाटेल का?
— एक आजी, स्नेहलतागंज

उत्तर : मावशी, मी संख्याशास्त्राची. याचं उत्तर मला नीट देता येणार नाही, आणि द्यायचंही नाही. नातीच्या कानात सांगा आणि तिला विचारायला लावा. तिने नाही विचारलं तर सरांनी नमस्कार केल्या केल्या तुम्हीच विचारा. बोलायच्या आधी ‘सर, एक मिनिट’ म्हणा, मग थोडं थांबा. झोपाळाही थांबवा, त्याच्या कड्या वाजतात. सर काय म्हणाले ते मला कळवा, पुढच्या अंकात छापते.